जीपचे इंजिन आणि उरलेली चिंधी

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



जिल्हा बैठकीत बोलायला उभे राहायचे म्हणजे कापसाच्या भावावर बोलायचे, कर्जावर बोलायचे, विजेच्या बिलावर बोलायचे, अशी आपली सवय आहे. ते विषय संपलेले नाहीत, आणि त्यावर बोलणारी माझ्यापेक्षा जाणती माणसे या मांडवात बसली आहेत. मला कार्यकर्त्यांनी एवढेच सांगितले, "तुम्ही घरच्या घरी जीपचे इंजिन बदलले, ते कसे बदलले ते सांगा. आणि त्यात काय चुकले तेही सांगा." चुकले ते सांगा म्हटल्यावर मी तयार झालो. कारण काय जमले हे सांगणारे पुष्कळ असतात. चुकलेले ज्याचे त्याच्यापाशीच राहते आणि पुढच्या माणसाला ती चूक नव्याने विकत घ्यावी लागते.

आमचे गाव समुद्रपूर तालुक्यातले. काळी जमीन, पांदण रस्ता, आणि गाव व वावर यांच्या मधे एक नाला. आमच्याकडे महिंद्राची जुनी डिझेल जीप होती. या जीपचे आणि आपल्या खेड्यांचे नाते जुने आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत महिंद्राने मुंबईत विलीज कंपनीच्या जीपा जुळवायला सुरुवात केली. तेव्हाची इंजिने पेट्रोलची होती. पुढे डिझेलचा जमाना आला. काही जीपांना प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या परवान्यावर बनलेले इंजिन लागले, काहींना महिंद्राचेच, ट्रॅक्टरच्या घराण्यातले इंजिन लागले. पेट्रोल इंजिन उतरवून त्या जागी डिझेल इंजिन बसवून घेणाऱ्या तर किती जीपा आपण पाहिल्या! शहरातला माणूस गाडी मोडली की गाडी बदलतो. खेड्यातला माणूस इंजिन बदलतो. त्याला हौस आहे म्हणून नव्हे. गाडी बदलण्याइतके पैसे शेती त्याच्या हाती येऊ देत नाही म्हणून.

आमच्या जीपचे इंजिन ऐन वेचणीच्या दिवसांत गेले. रेडिएटरमधले पाणी गळत होते, काट्याकडे लक्ष दिले नाही, इंजिन तापले आणि जॅम झाले. कनेक्टिंग रॉडने ब्लॉकची बाजू फोडली. पऱ्हाटीला कापूस फुटलेला, मजूर मिळत नाहीत, मिळाले तर त्यांना वावरात न्यायला साधन नाही. गॅरेजवाल्याने सांगितलेला खर्च ऐकला आणि दादा म्हणाला, "कबाड्याकडून हाफ इंजिन आणू. बसवायचं आपण."

मयालीला टांगलेले इंजिन

नागपुरातून त्याच कंपनीचे, त्याच जातीचे जुने इंजिन आणले. कोठ्याच्या मयालीला चेन ब्लॉक टांगला. मयाल सागाची होती, तरी खाली दोन्ही बाजूंनी बल्ल्या लावून तिला टेका दिला. इंजिनाचे वजन दोन-अडीच क्विंटल. ते टांगलेले असताना त्याच्या खाली कोणी हात घालायचा नाही, डोके तर नाहीच, हा नियम पहिल्या दिवशी केला आणि शेवटपर्यंत पाळला. सगळ्यांत आधी बॅटरीची मायनस वायर काढली. ही वायर काढल्याशिवाय एकही पाना हातात घ्यायचा नाही.

आता खरा प्रश्न. इंजिन उतरवणे सोपे आहे. नट खोलत जायचे, एका दिवसात इंजिन खाली येते. पण खोलताना जे सरळ दिसते ते चार दिवसांनी जोडताना अनोळखी होते. दोन वायरी सारख्याच काळ्या, दोन पाइप सारख्याच जाडीचे, मूठभर बोल्ट सारख्याच डोक्याचे. कोणती वायर कोठे होती? आपण म्हणतो, माझ्या लक्षात आहे. आणि जोडायच्या दिवशी तिघांच्या लक्षात तीन वेगवेगळ्या जागा असतात.

माझी वहिनी दारात बसून हे पाहत होती. तिने जुन्या लुगड्यांच्या चिंध्या काढल्या. म्हणाली, "भाऊजी, बियाण्याच्या गाडग्याले आपण खूण करतो का नाई? तशी याले करा." मग तिनेच पद्धत लावून दिली. प्रत्येक जातीला एक रंग. डिझेलला पिवळा, पाण्याला निळा, ऑइलला काळा, विजेला लाल, हवेला पांढरा आणि केबलीला हिरवा. जो सांधा सोडायचा त्याच्या दोन्ही टोकांना एकाच रंगाची चिंधी, आणि दोन्ही चिंध्यांना सारख्याच गाठी. पहिल्या सांध्याला एक गाठ, दुसऱ्याला दोन. एक टोक गाडीकडे राहिले, दुसरे इंजिनाबरोबर खाली आले. बोल्ट ज्या भोकातून निघाला त्याच भोकात दोन आटे परत फिरवून ठेवायचा. जे ठेवता येत नाहीत ते खोक्याच्या पुठ्ठ्यावर भागाचे चित्र काढून त्यात खोचायचे.

आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. फोटो जरूर काढा, चारही बाजूंनी काढा. पण फोटोत मागची बाजू दिसत नाही आणि ऑइल लागलेल्या हाताने फोटो पाहता येत नाही. चिंधी सोडू नका.

नंतर जुने आणि आणलेले इंजिन शेजारी-शेजारी ठेवले आणि जुन्या इंजिनावरची एकेक चिंधी सोडून नव्या इंजिनावर त्याच जागी बांधत गेलो. सगळे मिळून एकतीस सांधे होते. एकतीस चिंध्या इकडून तिकडे जायला हव्या होत्या.

तीस गेल्या. एक उरली. पांढऱ्या रंगाची, चार गाठींची.

त्या चिंधीकडे मी परत येणार आहे. आधी बाकीच्यांचे सांगतो.

इंजिनाची सहा नाती

भावांनो, इंजिन म्हटले की भीती वाटते. पण ते गाडीशी सहाच नात्यांनी बांधलेले असते. सहा नाती ओळखली की भीती जाते. मी बोलतो आहे ते जुन्या, यांत्रिक डिझेल इंजिनाबद्दल. नव्या, कॉम्प्युटरच्या इंजिनाबद्दल शेवटी बोलतो.

पहिले नाते डिझेलचे. टाकीतून फीड पंप, तेथून फिल्टर, तेथून मोठा पंप, मोठ्या पंपातून चार लोखंडी पाइप चार नोझलांना. आणि उरलेले डिझेल परत टाकीकडे. येणारा पाइप कोणता आणि परत जाणारा कोणता, येथे घोटाळा होतो. फिरत्या जातीच्या पंपाला दोन्हीकडे पोकळ बोल्ट असतात आणि ते दिसायला सारखे असतात. पण परतीच्या बोल्टाचे भोक मुद्दाम बारीक ठेवलेले असते आणि त्यावर बहुधा इंग्रजीत 'आउट' कोरलेले असते. ते दोन बोल्ट उलटे लागले की पंपाची उपासमार होते. इंजिन सुरू होत नाही, झाले तर दम धरत नाही, आणि आपण हजारो रुपये पंपावर खर्च करून मोकळे होतो. चार पाइपांचा क्रमही तसाच. अशा पंपावर अक्षरे असतात, पण पहिले अक्षर पहिल्या सिलिंडरला, दुसरे दुसऱ्याला असा सरळ हिशेब नसतो. चार सिलिंडरची ही इंजिने बहुधा एक-तीन-चार-दोन या क्रमाने पेटतात, म्हणून दुसरा पाइप तिसऱ्या सिलिंडरला जातो. पाइपाचा बाक पाहा. जो पाइप ओढाताण न करता आपल्या जागी बसतो तो त्याच जागेचा. तांब्याचे वायसर नवे घाला. नवे नसतील तर जुने लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, ते मऊ होतात आणि पुन्हा धरतात. मोठा पंप मात्र जागचा हलवू नका. हलला तर टायमिंग बिघडते आणि मग पंपवाल्याकडे जावेच लागते.

दुसरे नाते पाण्याचे. वरचा होज, खालचा होज आणि तापमानाचा काटा. होजच्या आत चिमटी घालून पाहा, आतला थर सुटलेला असला तर बाहेरून धड दिसणारा होज उपयोगाचा नाही. आमचे पहिले इंजिन पाण्यानेच गेले, म्हणून सांगतो. विहिरीचे जड पाणी रेडिएटरात ओतत राहिलो आणि आत क्षाराचा थर बसला.

तिसरे नाते ऑइलचे. येथे एक पातळ वायर असते, ऑइलच्या दाबाची. आणि पाण्याच्या बाजूला तशीच एक पातळ वायर असते, तापमानाची. दोन्ही एकेरी, दोन्हीचे टोक सारखे. ती अदलाबदल झाली तर गाडी चालते, पण डॅशबोर्ड खोटे बोलतो. ओळखायचे कसे? चावी चालू करा, इंजिन सुरू करू नका. वायरीचे टोक इंजिनाच्या उघड्या लोखंडाला क्षणभर लावा. ऑइलचा दिवा लागला तर ती ऑइलची वायर. तापमानाचा काटा हलला तर ती पाण्याची.

चौथे नाते विजेचे. बॅटरीकडून सेल्फला जाणारी जाड वायर, सेल्फची बारीक वायर, डायनेमोच्या वायरी, हिटर प्लग असतील तर त्यांची वायर. आणि एक पट्टी, जिला कोणी वायर समजत नाही. ती इंजिनाला चॅसिसशी जोडणारी अर्थिंगची पट्टी. इंजिन रबराच्या फाउंडेशनवर बसलेले असते. रबर वीज जाऊ देत नाही. म्हणजे ही पट्टी नसेल तर इंजिन लोखंडाच्या गाडीत असूनही विजेच्या दृष्टीने हवेत लोंबकळत असते. आमच्या शेजाऱ्याच्या गाडीला ही पट्टी लावायची राहिली. त्याने सेल्फ मारला आणि रेसच्या केबलीतून धूर निघाला. का? सेल्फला लागणाऱ्या भल्या मोठ्या करंटला परत जायला वाट नव्हती. त्याने सापडली ती वाट धरली आणि ती वाट म्हणजे रेसची बारीक केबल. केबल जळून चिकटली. तो बिचारा सेल्फ खोलून बसला होता.

पाचवे नाते ओढीचे, म्हणजे केबलींचे. रेस, क्लच आणि इंजिन बंद करण्याची ओढ. यातली शेवटची सर्वांत महत्त्वाची. डिझेल इंजिन नुसती चावी फिरवून बंद होतेच असे नाही. काही इंजिनांना ओढ असते, काहींना विजेवर चालणारी झडप. पहिल्यांदा सुरू करण्याआधी ती ओढून तिचा दांडा पंपावर पूर्ण फिरतो की नाही हे डोळ्यांनी पाहा.

सहावे नाते हवेचे. आत जाणारी हवा एअर क्लीनरमधून, बाहेर जाणारा धूर सायलेन्सरमधून. हे सर्वांना माहीत असते. पण हवेचा आणखी एक पाइप असतो.

आणि आता मी चिंधीकडे येतो.

पांढरी चिंधी, चार गाठी

गाडीच्या बाजूने एक काळा रबरी पाइप लोंबत राहिला होता, त्याला पांढरी चिंधी, चार गाठी. त्याची जोडीदार चिंधी जुन्या इंजिनाच्या डायनेमोवर, मागच्या बाजूला. आणलेल्या इंजिनाचा डायनेमो मागून सपाट. तेथे पाइप लावायला जागाच नव्हती.

वहिनी म्हणाली, "भाऊजी, हा पाइप तं कोठीच लागला नाई. याची चिंधी तशीच हाये."

तोवर रात्र झाली होती. दुसऱ्या दिवशी वेचणीला माणसे सांगितलेली. गावात आलेल्या एका मिस्त्रीला विचारले, तो म्हणाला, "पुष्कळ गाड्यांना तो पाइप नसतोच." हे खरेच होते. पुष्कळ जीपांना तो नसतो. पण आमच्या जीपला तो होता, आणि असला तर का होता, हे त्याने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. मी वहिनीला हसून म्हणालो, "वहिनी, घड्याळ खोललं की एक स्क्रू उरतोच." सगळे हसले. पाइपाच्या तोंडात लाकडी खुंटी ठोकली आणि जोडकाम संपले. गाडी सुरू झाली. अंगणात फिरवली. ब्रेक जरा कडक वाटला. म्हटले, दोन दिवसांत मोकळा होईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा गाडी चालवत होता. मागे सात बाया, त्यात वहिनीही. नाल्याच्या उतारावर समोर कापसाची भरलेली बंडी. दादाने ब्रेक दाबला. पेडल दगडासारखे. त्याने दोन्ही पाय दिले, गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला, तरी गाडी उताराने चाललीच होती. बंडीवर जाण्यापेक्षा त्याने ती धुऱ्यावर घातली. गाडी तिरपी होऊन तुरीच्या वावरात थांबली. बंडीवाला वाचला, बैल वाचले. मागे बसलेल्या एका बाईचा हात मनगटात मोडला.

ती बाई मजुरीवर जगणारी. त्या हंगामात तिला वेचणी करता आली नाही. आम्ही दवाखान्याचे आणि मजुरीचे पैसे दिले. पण त्या हाताची पकड पुढे पहिल्यासारखी राहिली नाही. हे मी कोणावर ढकलत नाही. मिस्त्रीवर नाही, कबाड्यावर नाही. वहिनीने दाखवले होते आणि मी हसलो होतो.

काय झाले होते? आमच्या जीपला ब्रेकचा बूस्टर होता. बूस्टर म्हणजे पायाच्या जोराला हवेच्या ओढीची साथ देणारा डबा. पेट्रोल इंजिनात रेसवरून पाय काढला की हवेची झडप मिटते आणि आत आपोआप ओढ तयार होते, बूस्टर तिच्यावर चालतो. जुन्या डिझेल इंजिनात तशी झडप नसते, म्हणून ओढही नसते. ती तयार करायला वेगळा व्हॅक्युम पंप लागतो, आणि पुष्कळ गाड्यांत तो डायनेमोच्याच पाठीवर बसवलेला असतो. आणलेले इंजिन बूस्टर नसलेल्या जीपमधून निघाले होते. त्या जीपचे ब्रेकच त्या हिशेबाने बनवलेले असतात. आमचे तसे नव्हते. आम्ही पंप नसलेला डायनेमो ठेवला, पाइपाला खुंटी मारली आणि ब्रेकची निम्म्याहून जास्त ताकद काढून टाकली.

दुरुस्ती काय होती ऐका. जुन्या इंजिनाचा डायनेमो कोठ्यातच, पोत्याखाली पडला होता. तो काढला. त्याच्या पंपाला ऑइल आणणारा एक बारीक पाइप आणि ऑइल परत नेणारा एक जाड पाइप, दोन्ही जुन्या इंजिनावरून काढले. नव्या इंजिनावर त्यांच्या जागा होत्याच, डाट मारून बंद केलेल्या. डाट काढले, पाइप जोडले, पांढरी चिंधी सोडली. एक दुपारही लागली नाही आणि नव्या वायसरांखेरीज एक पैसाही लागला नाही.

सुरू करण्याआधी

म्हणून आता आम्ही कोणाचेही इंजिन बसवले तरी हे करतो. आपणही करावे.

क्लच प्लेट बसवताना ती जुन्या गिअर शाफ्टने मधोमध धरा. मधोमध नसेल तर गिअर बॉक्स शेवटचा इंचभर आत जात नाही. तेव्हा बोल्ट आवळून त्याला ओढू नका, कान तुटतो. बाहेर काढा, पुन्हा धरा.

ऑइल आणि पाणी भरा. बंद करण्याची ओढ ओढून ठेवा आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत थोडा थोडा सेल्फ मारा, म्हणजे इंजिन पेटण्याआधी ऑइल सगळीकडे पोचते. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंपाने एअर काढा. बुडबुडे थांबून नुसते डिझेल आले की स्क्रू आवळा. नोझलांचे नट सैल करून सेल्फवर तेथलीही एअर काढा. गळते कोठे हे पाहायला नोझलाच्या पाइपापुढे हात धरू नका. त्या दाबाचे डिझेल कातडीतून आत शिरते. वरून टाचणी टोचल्याएवढे दिसते आणि आतून हात सडतो. तसे झाले तर घरी न थांबता दवाखान्यात जा.

पहिल्यांदा सुरू करताना एक माणूस हातात फळी घेऊन एअर क्लीनरच्या तोंडापाशी उभा करा. इंजिन हाताबाहेर जाऊन भरकटले आणि ओढीने बंद झाले नाही तर फळीने हवा बंद करायची. हाताने कधीही नाही.

आणि ब्रेक. हे प्रत्येक बूस्टरच्या गाडीला महिन्यातून एकदा करून पाहा. इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होते. शेवटच्या वेळी पाय दाबून तसाच ठेवा आणि इंजिन सुरू करा. पायाखाली पेडल थोडे खाली बसले पाहिजे. बसले तर बूस्टर जिवंत आहे. नाही बसले तर गाडीत कोणालाही बसवू नका. ही परीक्षा करायला एक मिनिट लागत नाही. त्या रात्री ती आम्हाला ठाऊक असती तर त्या बाईचा हात मोडला नसता.

आर.सी. बुकाचे काम

इंजिन बदलणे हे अंगणात संपत नाही. आर.सी. बुकावर इंजिनाचा नंबर असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल परिवहन कार्यालयाच्या मंजुरीने करायचा असतो आणि केल्यावर चौदा दिवसांच्या आत कळवून बुकात नोंद करून घ्यायची असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. मूळ जातीपेक्षा वेगळे इंजिन घालायचा विचार असेल तर आधी विचारा, नंतर पैसे मोजा. कबाड्याकडून इंजिन घेताना त्याची पावती आणि ते ज्या गाडीतून निघाले तिचे कागद मागा. चोरीच्या गाडीचे इंजिन आपल्या अंगणात सापडले तर सगळा कारखाना आपल्यावर उलटतो. अपघात झाला आणि नंबर जुळला नाही तर विमा कंपनीला हात वर करायला निमित्त मिळते. सरकारच्या कागदांवर आपला राग आहे, तो रास्त आहे. पण मोडलेला हात घेऊन जी मजूर बाई आपल्या दारात उभी राहील तिचा त्यात काही दोष नसतो. तिच्यासाठी कागद धड ठेवा.

कुलूप कोणाचे?

आता शेवटचा मुद्दा, ज्याच्यासाठी हे सगळे सांगितले.

आमची चूक झाली. पण ती शोधता आली आणि दुरुस्त करता आली, कारण इंजिन उघडता येत होते. नवे इंजिन तसे राहिलेले नाही. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना भारत स्टेज सहाची धुराची मर्यादा लागू झाली, पन्नास हॉर्सपॉवरच्या वरच्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून पुढच्या टप्प्याची. डिझेल किती आणि केव्हा सोडायचे हे अशा इंजिनात कॉम्प्युटर ठरवतो. धूर कमी झाला, त्याला आपला विरोध नाही. तो धूर आपल्याच पोरांच्या छातीत जातो. त्या इंजिनातला दाबही जुन्याच्या कितीतरी पट असतो, ते मी सांगितल्याप्रमाणे अंगणात उघडू नका. पण बिघाड काय आहे हे सांगणारा कॉम्प्युटर मालकाशी बोलत नाही, कंपनीच्या लॅपटॉपशी बोलतो. भाग बदलला तरी संकेत टाकल्याशिवाय गाडी तो भाग ओळखत नाही, अशीही यंत्रे आली आहेत. हे धुरासाठी आहे की धंद्यासाठी?

आपल्याला हे नवे नाही. १९७२ साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी आली. कापूस आपला, घाम आपला, पण विकायचा कोणाला हे आपण ठरवायचे नाही. सीमेपलीकडे भाव जास्त असला तरी गाडी अडवली जायची. आता यंत्राच्या बाबतीत तेच होऊ घातले आहे. ट्रॅक्टर आपला, कर्ज आपल्या नावावर, पण उघडायचा कोणी हे आपण ठरवायचे नाही. शरद जोशींनी बाजाराच्या स्वातंत्र्याबरोबर तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य मागितले. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीर येथे शेतकऱ्यांनी परवानगी नसलेले कापसाचे बियाणे उघडपणे पेरले ते त्याच मागणीसाठी. बियाणे निवडण्याचे स्वातंत्र्य मागणाऱ्याने यंत्र दुरुस्त करण्याचे स्वातंत्र्य मागू नये काय?

अमेरिकेतला शेतकरी आपल्यापेक्षा शंभर पट मोठा, पण तोही याच कुलपापुढे उभा आहे. तेथे कोलोरॅडो राज्याने २०२३ साली कायदा केला आणि १ जानेवारी २०२४ पासून शेतीयंत्रांच्या कंपन्यांवर दुरुस्तीची माहिती, अवजारे आणि भाग मालकाला देण्याचे बंधन आले. २०२५ च्या जानेवारीत तेथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने जॉन डिअर कंपनीवर याच प्रश्नावरून खटला भरला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, शेतीची अवजारे त्या यादीत घातली आणि त्याच वर्षी एक पोर्टलही उघडले. पोर्टलने कुलूप उघडत नाही. कंपनीला बंधनकारक कायदा लागतो.

आपल्याच जिल्ह्याची एक आठवण सांगतो. सेवाग्रामला राहायला येण्याच्या सात वर्षे आधी, १९२९ साली, गांधीजींच्या चरखा संघाने चांगल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले होते. अटी कोणत्या? किंमत दीडशे रुपयांच्या आत आणि अधूनमधून दुरुस्ती करून यंत्र वीस वर्षे चालले पाहिजे. त्या म्हाताऱ्याच्या अर्थशास्त्राशी आपले कितीही मतभेद असोत, यंत्र विकत घेताना कोणती अट घालावी हे त्याला बरोबर कळत होते. ट्रॅक्टर घेताना आपण हॉर्सपॉवर विचारतो, हप्ता विचारतो. दुरुस्ती कोण करील, हे विचारत नाही.

गावात करायची कामे

म्हणून या बैठकीतून जाताना तीन कामे घेऊन जा.

एक, गावात ज्याला पाना धरता येतो अशा पोरांची आणि पोरींची यादी करा. त्यांनी मिळून चेन ब्लॉक, चांगले पाने आणि विजेचा मीटर घ्यावा. एका घराला हे परवडत नाही, दहा घरांना परवडते.

दोन, नवे यंत्र घेताना विक्रेत्याला लेखी विचारा. दुरुस्तीचे पुस्तक मराठीत मिळेल काय, सुटे भाग किती वर्षे मिळतील, बिघाडाचा संकेत वाचायचे साधन बाहेरच्या मिस्त्रीला मिळेल काय? उत्तर आले की जिल्हा कार्यालयाकडे पाठवा. उत्तर नाही आले तर तेही पाठवा. पुढच्या मागणीपत्राला पुरावे लागतील.

तीन, घरी काहीही खोलले, पंप असो की पंखा, तर चिंधी बांधा. आणि चिंध्या मोजायचे काम अशा माणसाला द्या जो पाना धरत नाही. पाना धरणाऱ्याला काम संपवायची घाई असते. मोजणाऱ्याला नसते. आमच्या घरी ते काम आता वहिनीकडे आहे. ती हो म्हणेपर्यंत चावी तिच्या पदराला बांधलेली असते, आणि एक जरी चिंधी उरली तरी दादाला गाडी मिळत नाही.